सुटली नव्हे, तुटली

एप्रिल 2020. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातलं एक गाव. 25 मार्चपासून सगळं बंद आहे: आठवडी बाजार, लग्नसराई, देशी दारूचं दुकानही. आशाताई तोंडाला पदर बांधून, रजिस्टर काखेत धरून घरोघर ताप-खोकला विचारतायत. मी चार हात मागे.

कडब्याच्या गंजीआड पत्र्याचं घर. मंडपाचं काम करणारा चाळिशीतला माणूस भिंतीला टेकून बसलाय, घामानं निथळतोय. तांब्या तोंडाशी नेईपर्यंत निम्मं पाणी अंगावर सांडतं.

"चोरून मिळत हुती तवर पेला. पैसे सरले. तीन दिस झाले, थेंब न्हाई," बायको सांगते. "रातीपासून भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणतो. मुंग्या कुठं हायत, ताई?"

शेजारचे आबा ओट्यावरून म्हणतात, "बरं झालं की! कोरोनानं दारू सोडवली."

आशाताई वळतात. "सुटली न्हाई, आबा. तुटलीया."

या एका शब्दात जीव अडकलेला आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली की काही तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, नंतर भ्रम होतो. उपचाराविना माणूस दगावतोही. त्याला शांत करणारी औषधं, बी-1 जीवनसत्त्व आणि डॉक्टरांची नजर हवी असते.

शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशांनी अशाच घरांतून मनाची विचारपूस केली आहे. आजच्या रजिस्टरात तो रकाना नाही. तरी आशाताई उंबऱ्याबाहेर बसतात.

"भाऊ, जीव नकोसा झालाय का?"

तो बराच वेळ गप्प. मग, "टेम्पोचा हप्ता... मंडप सगळे रद्द... येतंय मनात, ताई."

बायकोचा पदर तोंडाशी जातो. आशाताईंचा आवाज मात्र हलत नाही. "वहिनी, ह्यांना एकटं सोडू नका. आबा, फवारणीच्या औषधाचा डबा तुमच्या घरी न्या." आणि त्या 108 ला फोन लावतात.

गाडी येते तशी गल्लीतली दारं लागतात. "कोरोना!" कुणीतरी पुटपुटतं.

"कोरोना न्हाई," आशाताई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगतात. "दारूचा आजार हाय. त्यालाबी दवाखाना हाय."

गाडीचा फुफाटा खाली बसतो. आबा डबा लोखंडी पेटीत ठेवतात, कुलूप ओढून बघतात आणि किल्ली कनवटीला खोचतात.