लढाऊ विमान विकत घ्यायचे आहे?

नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात मिग-२१ जातीची विमाने तयार होत असत, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सहा दशकांच्या नोकरीनंतर, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंदिगड येथे या विमानाला भारतीय हवाई दलाने निरोप दिला. निवृत्त विमानाचे पुढे काय होते? काही संग्रहालयात जातात, काही एखाद्या संस्थेच्या फाटकाशी चबुतऱ्यावर नाक वर करून उभी राहतात आणि उरलेल्यांचे भंगार होते. एखाद्या गृहस्थाने असे विमान विकत घेऊन दर रविवारी त्यातून फेरफटका मारावा, ही कल्पना आपल्याला गमतीची वाटेल. परंतु अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका या देशांत असे गृहस्थ आहेत किंवा होते. १९६५ च्या युद्धात एकमेकांशी झुंजलेल्या नॅट आणि सेबर या दोन्ही जातींची विमाने पुढे खाजगी मालकांच्या हाती आली आणि हवाई जत्रांतून उडू लागली.

या मंडळींत सर्वांत विलक्षण माणूस म्हणजे अमेरिकेचा डॅरिल ग्रीनमायर. हा लॉकहीड कंपनीचा चाचणी वैमानिक. १९६९ साली त्याने एका जुन्या बेअरकॅट विमानाची डागडुजी करून ताशी ७७७ किलोमीटर वेग गाठला आणि दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, एंजिनाचा तीस वर्षे अबाधित राहिलेला जर्मन विक्रम मोडला. मग त्याच्या मनाने घेतले की आता जेटचाही विक्रम करायचा. त्यासाठी एफ-१०४ स्टारफायटर हवे. सरकार ते विकणार नव्हते. तेव्हा पठ्ठ्याने भंगारवाल्यांच्या अंगणातून, लिलावांतून आणि ओळखीपाळखीतून सुटे भाग जमवायला सुरुवात केली. कुठे पंख मिळाला, कुठे शेपूट. दहा वर्षांहून अधिक काळ खपून त्याने अख्खे विमान जुळवले आणि त्याचे नाव ठेवले ‘रेड बॅरन’.

विक्रमाचे नियमही समजून घेण्याजोगे आहेत. विमान जमिनीपासून १०० मीटरपेक्षा वर जाता कामा नये. ३ किलोमीटरचे ठरलेले अंतर ओलांडायचे, तेही दोन्ही दिशांनी मिळून चार वेळा, आणि सरासरी काढायची. दोन्ही दिशांनी कशासाठी? वारा एका बाजूने मदत करील तर दुसऱ्या बाजूने अडवील आणि सरासरीत त्याचा प्रभाव जवळजवळ पुसला जाईल. इतक्या खालून उडायचे कशासाठी, हा प्रश्न अधिक मार्मिक आहे. खालची हवा दाट असते. तिचा रोध मोठा असतो. उंचावरच्या विरळ हवेत जो वेग सहज मिळतो, तोच इथे एंजिनाचा घाम काढतो. ऑक्टोबर १९७७ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात ग्रीनमायरने ताशी १,५९० किलोमीटर सरासरी गाठली. गणित करून पाहा: ३ किलोमीटर अंतराला पुरते सात सेकंदही लागले नाहीत. १९६१ साली अमेरिकन नौदलाच्या फँटम विमानाने केलेला विक्रम ताशी सुमारे १,४५३ किलोमीटरचा होता. सरकारी विमानाचा विक्रम एका खाजगी माणसाने, भंगारातून उभ्या केलेल्या विमानाने मोडला!

पुढची पायरी उंचीच्या विक्रमाची. फेब्रुवारी १९७८ मध्ये तिचा सराव चालू असताना उतरण्याच्या वेळी विमानाची चाके नीट बाहेर येऊन घट्ट बसेनात. एफ-१०४ हे आखूड, पातळ पंखांचे विमान. ते फार वेगाने उतरते. पोटावर उतरवणे म्हणजे आत्मघातच. अखेर ग्रीनमायरने आसन-उडीचा खटका ओढला, छत्रीने तो सुखरूप उतरला आणि दहा वर्षांची मेहनत वाळवंटात कोसळली.

ग्रीनमायर निष्णात होता. सर्वच मालक तसे नसतात, आणि या विषयाची काळी बाजू इथे सुरू होते.

२४ सप्टेंबर १९७२. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहर. हवाई प्रदर्शन आटोपून एक खाजगी सेबर विमान धावपट्टीवर धावू लागले. पंखांखालच्या जादा टाक्याही इंधनाने भरलेल्या होत्या. विमानाने नाक उचलले, किंचित उठले, पुन्हा टेकले, पुन्हा उठले. पण हवेत स्थिरावले नाही. धावपट्टी संपली. विमान कुंपण आणि रस्ता ओलांडून समोरच्या आइस्क्रीमच्या दुकानात शिरले. रविवारची संध्याकाळ, दुकान मुलाबाळांनी भरलेले. २२ माणसे मेली. त्यांत १२ मुले होती. वैमानिक वाचला. त्याला या जातीच्या विमानाचा अवघ्या काही तासांचा अनुभव होता.

एंजिनात बिघाड नव्हता. मग विमान उडाले का नाही? चौकशीत कारण निघाले ते असे: नाक प्रमाणाबाहेर वर उचलले गेले.

नाक वर केले की विमान वर जाते, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. टेबलफॅनसमोर पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा. तो थोडा तिरपा धरलात तर वर ढकलला जाईल. तिरपेपणा वाढवत न्या; आता तो वर जाण्यापेक्षा मागे रेटला जाऊ लागेल. पंखाचेही तसेच आहे. हवेच्या प्रवाहाशी त्याचा कोन वाढवला की उत्थापक बल वाढते, पण त्याबरोबर रोधही वाढतो, आणि एका मर्यादेनंतर रोधच फार भराभर वाढतो. सेबरचे पंख ३५ अंशांनी मागे वळलेले आहेत. उच्च वेगाला असे पंख उत्तम. मंद वेगाला मात्र त्यांना सरळ पंखापेक्षा अधिक कोन लागतो आणि रोधाची किंमत जबर मोजावी लागते. त्या दिवशी एंजिनाचा सगळा रेटा हा रोध भागवण्यातच खर्च होत होता. वेग वाढायला काही शिल्लकच उरले नाही. अशा वेळी उपाय एकच: नाक खाली करायचे आणि वेग वाढू द्यायचा. समोर धावपट्टी संपत आलेली दिसत असताना नाक खाली करायला मन धजत नाही. त्यासाठीच प्रशिक्षण लागते.

लहान पंख्याच्या विमानावर शिकलेल्या माणसाची आणखी एका बाबतीत फसगत होते. पंख्याच्या विमानात एंजिनाचा जोर वाढवला की पंख्याने फेकलेली हवा लगेच पंखांवरून वाहू लागते. जेटमध्ये तसे नाही. शिवाय जुन्या जेट एंजिनाचे जड चक्र मंद गतीवरून पूर्ण गतीवर यायला कित्येक सेकंद घेते. आज मागितलेला जोर उद्या मिळावा, असला प्रकार! सॅक्रामेंटोनंतर अमेरिकेत अशा विमानांच्या मालकांवरचे नियम कडक झाले.

तरीही हौस कमी झाली नाही. शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातील हवाई दलांनी आपली विमाने विकायला काढली आणि चेकोस्लोव्हाकियाचे एल-३९ अल्बाट्रॉस हे प्रशिक्षण विमान खाजगी मालकांचे विशेष लाडके झाले. विमान तुलनेने स्वस्त पडते, पोसणे महाग. चार आसनांचे लहान पंख्याचे विमान तासाला तीस-पस्तीस लिटर इंधनात भागवते, अल्बाट्रॉसला तेवढ्याच वेळात चार-पाचशे लिटर लागते. त्यात रबराच्या नळ्या कडक होतात, धातूला वारंवारच्या ताणाने थकवा येतो आणि सुटे भाग करणारे कारखानेच बंद झालेले असतात. ब्रिटनचे व्हल्कन हे प्रचंड बाँबफेकी विमान लोकवर्गणीतून २००७ साली पुन्हा उडवण्यात आले. पण मूळ तांत्रिक ज्ञान असलेल्या कंपन्यांनी आधार काढून घेतल्यावर २०१५ च्या ऑक्टोबरात ते कायमचे जमिनीवर आले.

आसन-उडीचा प्रश्न तर आणखी नाजूक. हे आसन स्फोटक काडतुसांनी वैमानिकाला बाहेर फेकते, आणि काडतुसांना औषधांसारखी मुदत असते. मालकापुढे पेच असा: स्फोटके जपावीत, की आसन निकामी करून ठेवावे? अमेरिकेत अनेक अल्बाट्रॉसमध्ये ते निकामीच असते. २००९ साली दक्षिण आफ्रिकेत एका खाजगी लायटनिंग विमानात बिघाड झाला तेव्हा वैमानिकाला बाहेर पडता आले नाही आणि तो दगावला. उलट, ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतील मिशिगनमध्ये मिग-२३ मधून दोघेही बाहेर पडून वाचले. रिकामे विमान मात्र एका वसाहतीच्या मोटारी उभ्या करण्याच्या जागेत जाऊन आदळले. सुदैवाने तिथे कुणाला इजा झाली नाही. आत बसलेला वाचला, पण खाली कोण आहे याचा हिशेब कुणी ठेवायचा?

तो हिशेब २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमधील शोरॅम येथे फार क्रूरपणे पुढे आला. विमान होते हंटर, ज्या जातीच्या विमानांनी डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाला येथे आपल्या जवानांना वाचवले, तेच. वैमानिक उभी कोलांटी घेत होता. या कसरतीत माथ्यावर विमान उलटे असते आणि उरलेले अर्धे वर्तुळ खाली उतरत पुरे करायचे असते. ते मावेल इतकी उंची माथ्यावर हवीच. ती किमान ३,५०० फूट असायला हवी होती. विमान पोचले होते सुमारे २,७०० फुटांवर. ते माथ्यावरून तसेच सरळ निघून गेले असते तर निभावले असते. वर्तुळ पुरे होण्याआधी जमीन आली. खालच्या हमरस्त्यावर ११ माणसे मेली, आणि त्यांतले कुणीही तिकीट काढून प्रदर्शनाच्या मैदानात बसलेले नव्हते. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा जुन्या जेटना जमिनीवरील प्रदर्शनांत कसरती करण्यास बंदी आली.

सरकारे याहून वेगळ्याही कारणाने सावध असतात. अमेरिकन नौदलाने २००६ साली एफ-१४ विमाने निवृत्त केली, आणि हीच विमाने बाळगणाऱ्या इराणच्या हाती सुटे भाग लागू नयेत म्हणून अनेकांचा अक्षरशः चुरा केला. चबुतऱ्याचेही भाग्य त्यांच्या वाट्याला आले नाही.

आता हौशी मालकांच्या जोडीला कंपन्याही आल्या आहेत. न्यूझीलंडने मोडीत काढलेली स्कायहॉक विमाने एका अमेरिकन कंपनीने घेतली, दुसरीने फ्रान्सची मिराज एफ-१ विमाने घेतली, तर आणखी एकीने इस्रायलकडून एफ-१६ आणली. या कंपन्या ती विमाने भाड्याने उडवतात, आणि गिऱ्हाईक कोण? तर स्वतः हवाई दल आणि नौदल! सरावाच्या लढाईत शत्रूची भूमिका करण्यासाठी त्यांना प्रतिपक्ष लागतो, आणि आपली महागडी नवी विमाने त्या कामात झिजवण्यापेक्षा जुनी भाड्याने घेणे त्यांना स्वस्त पडते. एकदा निवृत्त झालेली विमाने अशी पुन्हा कामावर रुजू झाली आहेत, फक्त पगार देणारा बदलला आहे.