उणे चाळीस अंश, तुर्भे

मे महिन्यातली दुपार, तुर्भ्याचं गॅरेज, घामाघूम मेकॅनिक, आणि स्कॅनरच्या पडद्यावर कूलंटचं तापमान: उणे ४०. सियाचिनला शोभेल असा हा आकडा गाडीदुरुस्तीत मात्र नेहमीचा. तो पाहिला की बहुतेक ठिकाणी पहिला निकाल लागतो, 'सेन्सर गेला, बदलावा लागेल.' कधी तो निकाल बरोबर ठरतो. पण अनेकदा नवा सेन्सर बसतो, बिल होतं आणि आकडा जागचा हलत नाही.

त्याचं कारण असं की गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, तापमान कळतच नाही. त्याला कळतं फक्त व्होल्टेज. इंजिनच्या पाण्यात बुडालेला सेन्सर हा एक रेझिस्टर असतो. गरम होईल तसा त्याचा विरोध कमी होतो. एका प्रचलित जातीच्या सेन्सरचा विरोध २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना ३२३ आणि १०० अंशांना अवघा १८६ ओहम असतो. ईसीयू आपल्या आतल्या ठरावीक रेझिस्टरमधून ५ व्होल्ट सोडतो, सेन्सरच्या टोकाशी किती उरले ते मोजतो आणि आपल्याजवळच्या तक्त्यातून तापमान काढतो. वायर तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. ईसीयूच्या लेखी त्याचा अर्थ कमालीची थंडी. ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या दोषनिदान व्यवस्थेच्या, नियमानुसार हे तापमान ० ते २५५ मधल्या एका आकड्यात पाठवलं जातं आणि स्कॅनर त्यातून ४० वजा करतो. शून्य आला की पडद्यावर उणे ४०! उलट, सिग्नलची वायर अर्थला टेकली की व्होल्टेज शून्यावर येतं आणि तापमान १३० च्या वर उडी मारतं. पहिल्या दोषाचा कोड पी०११८, दुसऱ्याचा पी०११७.

पटणारे आकडे जास्त घातक

अशा टोकाच्या आकड्यांना कोणी फसत नाही. शिवाय चेक लाइट लागतो, आणि बऱ्याच गाड्यांत ईसीयू खबरदारी म्हणून रेडिएटरचा फॅन सतत चालू ठेवतो. घात करतात ते मधले, सहज पटणारे आकडे. नवी मुंबईत त्यांना पोषक हवा आहे. ठाणे खाडीवरून येणारा दमट, खारट वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज धरतो. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर वायरी कुरतडतात, ते वेगळंच.

समजा, त्या गंजाने वाटेत १३७ ओहमचा जादा विरोध आणला. सकाळी ३० अंशांना सेन्सरचा स्वतःचा विरोध साधारण १,७०० ओहम असतो. त्यात १३७ मिळवले तरी आकडा दोनच अंशांनी चुकतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण इंजिन १०० अंशांवर पोहोचलं की १८६ अधिक १३७, म्हणजे ३२३ ओहम. ईसीयू समजतो, ८०! बहुतेक गाड्यांत फॅन ९५ ते १०० च्या आसपास सुरू होतो. तो सुरूच होत नाही. म्हणजे हा दोष थंड इंजिनात लपतो आणि गरम इंजिनात, तेही धोक्याच्या बाजूने, खोटं बोलतो.

तपासाचा क्रम

पहिली तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत. इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करून कूलंट आणि आत येणारी हवा, अशी दोन तापमानं वाचायची. दोन्ही जवळपास सारखी आणि बाहेरच्या हवेइतकी हवीत. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइल, एवढ्यावर हे घरीही जमतं.

दुसरी, दोन पिनांच्या सेन्सरचा कनेक्टर काढून पाहायचा. आकडा उणे ४० वर गेला पाहिजे. काढलेल्या कनेक्टरच्या दोन पिना तारेने क्षणभर जोडल्या की तो टोकाला चढला पाहिजे. दोन्ही घडलं, तर वायर तुटलेली नाही आणि ईसीयूही वाचतो आहे. काही गाड्या अशा वेळी स्वतःच एखादा पर्यायी आकडा दाखवतात. तिथे मल्टीमीटरने थेट व्होल्टेजच मोजावं.

तिसरी तपासणी हिरव्या गंजासाठी. कनेक्टर जोडलेला ठेवून, गरम इंजिनात, सेन्सरच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचं व्होल्टेज मोजायचं. ते ०.१ व्होल्टपेक्षा जास्त भरलं, तर अर्थची वाट खराब. गंज सिग्नलच्या पिनेवरही असू शकतो, म्हणून दोन्ही पिना डोळ्यांनी पाहायच्या. इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, ती कमी दाखवते. काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर धरा.

सेन्सर निर्दोष असतो तेव्हा

पाम बीच रोडवर वेगात जाताना तापमान ६५-७० वर उतरतं आणि वाशीच्या सिग्नलला पुन्हा ९० वर चढतं, तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी रोखणारी-सोडणारी झडप, उघडा अडकला आहे किंवा 'आपल्याकडच्या हवेत कशाला हवा' म्हणून कोणी काढून टाकला आहे. आकडा खरा आहे, इंजिनच थंड पडतं आहे. थंड इंजिनाला ईसीयू जास्त पेट्रोल पाजतो, आणि ॲव्हरेज घसरतं.

कूलंट बदलल्यानंतर आत हवा अडकली असेल किंवा पातळी खाली गेली असेल, तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत राहतो. मग इंजिन तापलेलं असताना आकडा कमी दिसतो किंवा उड्या मारतो. अशा वेळी गाडीचा हीटर, जो मुंबईकडे सहसा कोणी लावत नाही, निदानाला उपयोगी पडतो. इंजिन गरम असूनही पूर्ण हीटरवर थंड हवा आली, तर पाणी फिरत नाही असा संशय घ्यावा.

दिवाळीच्या सुट्टीत कळंबोलीहून एक्स्प्रेस-वेला लागणाऱ्यांनी या तपासण्या आधीच कराव्यात. बोरघाटाच्या कोंडीत चढ असतो, एसी चालू असतो आणि समोरून वारा नसतो. इंजिन थंड ठेवण्याचा सगळा भार फॅनवर येतो. गोडसर वास, बॉनेटमधून वाफ किंवा ओढ कमी झाल्याचं जाणवलं, तर पडद्यावर ८५ दिसत असले तरी गाडी सुरक्षित जागी घेऊन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका. सुमारे एक बारच्या जादा दाबामुळे आतलं साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच एकदम उकळून अंगावर येतं.

गॅरेजमध्ये 'सेन्सर बदलू' असं ऐकलं, तर दोनच आकडे मागा: गरम इंजिनात सेन्सरचे ओहम किती आणि अर्थवर व्होल्टेज किती. ज्याने मोजलं आहे तो लगेच सांगेल. ज्याने मोजलेलं नाही, तो तुमच्या खर्चाने अंदाज बांधतो आहे.