लेझरने चेहरा उजळणार की काळवंडणार?

तुळशीचे लग्न लागले आणि लग्नसराईचे वेध लागले, की त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारी बहुतेकदा पन्नाशीच्या आसपासची असते. गालांवर तपकिरी डाग, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचे जाळे आणि हातात मोबाइल. त्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोन फोटो. ‘मुलीच्या लग्नाला तीन आठवडे राहिलेत. तोपर्यंत लेझरने हे सगळं जाईल ना, डॉक्टर?’

अनुभवी डॉक्टर या प्रश्नाला सहसा नकारच देतात. सावळ्या त्वचेसाठी लेझरनंतरचे तीन-चार आठवडे फार नाजूक असतात. वरची जखम तोवर भरून आलेली असते, लालीही उतरत आलेली असते. नेमक्या त्याच सुमारास काही जणांच्या चेहऱ्यावर उपचार केलेला भाग आधीपेक्षा गडद दिसू लागतो. हा गडदपणा बहुधा ओसरतो, पण त्याला काही महिने लागतात. ज्या समारंभासाठी एवढी धावपळ केली, त्याच्याच फोटोंत डाग अधिक ठळक दिसावेत, ही वेळ कोणावरही येऊ नये. त्यासाठी लेझर त्वचेवर नेमके काय करते, हे आधी समजून घ्यायला हवे.

ऊन काय करते?

चेहऱ्यावर दिसणारे वय निव्वळ वाढदिवसांचे नसते. त्यातला मोठा वाटा उन्हाचा असतो. खात्री करायची तर दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा आणि मनगटावरची त्वचा शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींचे वय एकच, पण एक मऊ आणि एकसारख्या रंगाची, तर दुसरी जाडसर आणि डागाळलेली.

सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ‘यूव्हीबी’ त्वचेच्या वरच्या थरात अडकतात आणि त्वचा भाजतात. ‘यूव्हीए’ मात्र खालच्या थरापर्यंत पोहोचतात. तिथे कोलॅजेन आणि इलॅस्टिन या तंतूंची वीण असते. त्वचेचा घट्टपणा आणि लवचीकपणा या विणीवर अवलंबून असतो. यूव्हीए किरणांमुळे कोलॅजेन तोडणारी विकरे सक्रिय होतात आणि वीण वर्षानुवर्षे उसवत जाते. हे किरण साध्या काचेतूनही आत येतात. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो प्रसिद्ध झाला होता. २८ वर्षे खिडकीकडे राहिलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली होती आणि उजवी बाजू कितीतरी तरुण दिसत होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून हा मार उजव्या गालावर बसतो, एवढाच फरक.

गोऱ्या त्वचेवर उन्हाचा परिणाम आधी सुरकुत्यांच्या रूपाने दिसतो. भारतीय त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असल्याने तिला काही प्रमाणात नैसर्गिक संरक्षण मिळते आणि सुरकुत्या उशिरा पडतात. पण रंगाचा असमतोल आधी येतो: डाग, वांग, डोळ्यांभोवतीचा काळेपणा. त्यामुळे आपल्याकडे ‘चेहरा वयस्क दिसतो’ या तक्रारीचा अर्थ बऱ्याचदा ‘रंग एकसारखा राहिला नाही’ असा असतो. लेझरचा निर्णय घेताना हा फरक मोलाचा ठरतो.

बारामतीपासून न्यू जर्सीपर्यंत

त्वचेचा पृष्ठभाग नव्याने घडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लेझरचे एक सूत्र थेट महाराष्ट्राशी जोडलेले आहे. बारामतीत १९३८ साली जन्मलेले आणि पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले डॉ. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझरचा शोध लावला. तो पुढे कारखान्यांत धातू कापण्यासाठी वापरला गेला, तसाच शस्त्रक्रियागृहातही आला.

या लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते आणि हा प्रकाश पाणी चटकन शोषून घेते. त्वचेच्या पेशींत पाणी भरपूर असते. किरण पडताच त्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि वरचा पातळ थर उडून जातो. खाली पोहोचलेल्या उष्णतेने कोलॅजेनचे जुने तंतू आकसतात आणि शरीर दुरुस्तीला लागते. नवी बाह्यत्वचा तयार होते, तिच्याखाली नवे कोलॅजेन विणले जाते. हा उपचार म्हणजे मोजूनमापून केलेली जखम असते. सुधारणा घडवते ती जखम भरून काढण्याची शरीराची क्षमता.

१९९० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत या पद्धतीने संपूर्ण चेहऱ्याचा थर काढला जाई. सुरकुत्यांवर परिणाम लक्षणीय होता, पण किंमतही तशीच होती. चेहरा सुमारे दोन आठवडे ओल्या जखमेसारखा राही, लाली काही महिने टिके. काहींच्या त्वचेचा रंग कायमचा फिका पडे. सावळ्या त्वचेसाठी हा धोका परवडणारा नव्हता.

२००४ मध्ये अमेरिकेतील डायटर मॅनस्टीन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट सुचवली. संपूर्ण पृष्ठभाग जाळण्याऐवजी केसाइतक्या बारीक, एकमेकांपासून अंतर राखलेल्या असंख्य बिंदूंवरच किरण सोडायचे. बिंदूंच्या मधली त्वचा शाबूत राहते आणि तिथल्या निरोगी पेशी शेजारची बारीक जखम झपाट्याने भरून काढतात. आज दवाखान्यांत ‘फ्रॅक्शनल लेझर’ म्हणून जे सांगितले जाते, ते हेच. त्यात दोन प्रकार आहेत. पहिला त्वचेत बारीक छिद्रे पाडतो. कार्बन डायऑक्साइड आणि अर्बियम-याग लेझर त्यात मोडतात. दुसरा वरचा थर न उडवता आतला भाग तापवतो. पहिल्याचा परिणाम अधिक, तसेच बरे होण्याचे दिवसही अधिक. दुसरा तुलनेने सौम्य, पण त्यासाठी जास्त सत्रे लागतात.

सावळ्या त्वचेची स्मरणशक्ती

लहानपणी गुडघा फुटला, जखम भरली, पण काळा डाग कितीतरी महिने राहिला, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असतो. मुरूम बसल्यावरही तसाच डाग मागे उरतो. त्वचेला इजा किंवा दाह झाला, की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि जास्तीचे मेलॅनिन सोडतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, पण सावळ्या त्वचेत त्या अधिक कामसू असतात. लेझरची उष्णता हीसुद्धा इजाच. म्हणून लेझरनंतर काळवंडण्याचा धोका भारतीय त्वचेत अधिक असतो.

त्वचेचे उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादानुसार सहा प्रकार मानले जातात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात सुरुवातीला प्रामुख्याने गोऱ्या त्वचेचाच विचार होता. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठीचे पाचवा व सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. बहुतेक भारतीय चौथ्या आणि पाचव्या प्रकारात येतात. गोऱ्या कातडीवर ठरवलेली मात्रा इथे जशीच्या तशी चालत नाही. जाणकार डॉक्टर ऊर्जा कमी ठेवतात, बिंदू विरळ ठेवतात आणि दोन सत्रांमध्ये साधारण चार ते सहा आठवड्यांचे अंतर राखतात. शंका असल्यास कानाजवळच्या छोट्या भागावर चाचणी करून काही आठवडे वाट पाहतात. ‘एकाच बैठकीत चेहरा नवा’ हे आश्वासन म्हणूनच ऐकताक्षणी संशयास्पद वाटले पाहिजे.

प्रत्येक डाग लेझरचा नसतो

सर्वात मोठी गफलत होते ती वांगाबाबत. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर पसरलेले तपकिरी पट्टे म्हणजे वांग. ऊन, संप्रेरके, गर्भारपण, आनुवंशिकता अशी त्याची कारणे असतात आणि उष्णतेनेही ते वाढू शकते. त्यावर लेझर मारल्यास काही दिवस फिके दिसते, पण अनेकदा ते परत येते, कधी आधीपेक्षा गडद होऊन. वारंवारच्या सत्रांनी काहींच्या चेहऱ्यावर पांढुरके ठिपकेही उमटतात. म्हणून वांगासाठी लेझर हा पहिला उपाय मानला जात नाही. सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली मलमे यांना आधी संधी द्यावी लागते.

दुसरी गफलत मलमांची. औषधाच्या दुकानातून किंवा शेजारणीच्या सल्ल्याने आणलेल्या ‘गोरे करणाऱ्या’ ट्यूबमध्ये अनेकदा स्टिरॉइड असते. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो आणि माणूस खूश होतो. मग त्वचा पातळ पडते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, लव वाढते. मलम थांबवले की आग होते, म्हणून ते सोडवतही नाही. स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती सहज हाती पडतात. अशा पातळ झालेल्या त्वचेवर लेझर करणे म्हणजे आगीत तेल ओतणे. आपण काय लावतो, हे डॉक्टरांपासून लपवू नये. शक्य असेल तर ती ट्यूबच सोबत न्यावी.

तिसरी बाब अधिक गंभीर. एखादा डाग वाढतो आहे, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या आहेत, रंग बदलतो आहे, त्यातून रक्त येते किंवा जखम भरतच नाही, असे असेल तर तो लेझरने पुसण्याआधी तपासून घ्यायला हवा. भारतीयांत त्वचेचा कर्करोग कमी आढळतो, पण आढळतो. डाग जाळून टाकला की निदानाचा पुरावाही त्याबरोबर जातो.

मिळते काय, लागते काय?

योग्य व्यक्ती, योग्य यंत्र आणि योग्य मात्रा जुळून आली, तर फ्रॅक्शनल लेझरने बारीक सुरकुत्या, खरबरीतपणा, मोठी दिसणारी रंध्रे आणि मुरुमांचे खड्डे यांत चांगली सुधारणा होते. आपल्याकडे हा लेझर मुरुमांच्या खड्ड्यांसाठीच मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. नवे कोलॅजेन सावकाश तयार होते, त्यामुळे खरा परिणाम तीन ते सहा महिन्यांनी जोखावा. ओघळलेली त्वचा मात्र लेझरने वर खेचली जात नाही आणि वय थांबत नाही.

उपचाराआधी बधिर करणारे मलम लावतात. डोळ्यांवर संरक्षक आवरण असलेच पाहिजे. छिद्रे पाडणाऱ्या लेझरनंतर चेहरा लाल होतो, सुजतो, बारीक खपल्या धरतात आणि त्या साधारण आठवडाभरात गळून पडतात. खपल्या खरवडायच्या नाहीत, वाफ घ्यायची नाही आणि ऊन कटाक्षाने टाळायचे. ओठांवर वारंवार जर उठत असेल, जखमांचे व्रण फुगत असतील, मधुमेह असेल, मुरुमांसाठी गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर ते आधीच सांगायला हवे. खर्च सत्रागणिक वाढत जातो. सौंदर्योपचार म्हणून केलेल्या लेझरचा खर्च आरोग्य विम्यातून सहसा मिळत नाही.

पहिला उपाय स्वस्तच

ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने आपल्या मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा २४ टक्के कमी आढळल्या. कोणतेही यंत्र न वापरता मिळालेला हा लाभ आहे. लेझर केले तरी सनस्क्रीन सुटत नाही. उलट ते नियमाने लावण्याची सवय नसेल, तर लेझरवर घातलेले पैसे पाण्यात जातात.

एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतके घेऊन चेहरा आणि मानेवर लावावे. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. वांग असणाऱ्यांसाठी लोह ऑक्साइड असलेले, हलकी रंगछटा असणारे सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण ते दृश्य प्रकाशही अडवते. सोबत छत्री, टोपी, स्कार्फ आहेतच. दुचाकीवर तोंडाला ओढणी गुंडाळणाऱ्या मुलींना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

होकार देण्याआधी विचारा

• माझा डाग नेमका कशाचा आहे? लेझरशिवाय दुसरा उपाय आहे का?
• लेझर कोण करणार? त्यांचे त्वचारोगशास्त्रातील किंवा प्लास्टिक सर्जरीतील पदव्युत्तर शिक्षण झाले आहे का? महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का? ब्यूटी पार्लर ही या उपचाराची जागा नव्हे.
• माझ्यासारख्या रंगाच्या त्वचेवर त्यांनी हे किती वेळा केले आहे? चाचणी करून पाहता येईल का?
• किती सत्रे, एकूण खर्च किती आणि काळवंडल्यास पुढे काय करणार?
• समारंभ कधी आहे, हे सांगितले आहे का? हातात किमान तीन-चार महिने आहेत का?

शेवटचा प्रश्न सर्वात साधा आणि सर्वात विसरला जाणारा. लग्न तीन आठवड्यांवर आलेल्या आईला डॉक्टर बहुधा एक सनस्क्रीन, एक साधे मॉइश्चरायझर आणि पुरेशी झोप लिहून देतात आणि म्हणतात, ‘लेझरचं लग्नानंतर बघू.’ हा सल्ला कंटाळवाणा वाटला, तरी लग्नाच्या फोटोंसाठी तोच सर्वात सुरक्षित असतो.