गिळण्याचा व्यायाम

आजोबा शेक घेऊन मुंबईहून घरी आले. गालातली गाठ गेली होती. आजीने मऊ भात कालवून दिला. दोन घासांतच आजोबांना ठसका लागला. पाणी दिले, तर ठसका आणखी वाढला. आजी घाबरली. म्हणाली, "राहू द्या हो. नाकातल्या नळीनं दूध जातंय, तेवढं पुरे."

त्या दिवशी थांबवले, ते बरोबर केले. पण आजोबांनी नंतर गिळणेच सोडले, ही चूक झाली.

कॅन्सरचा शेक म्हणजे किरणांचा उपचार. तो आठवड्यातून ५ दिवस, असा बहुधा ६ ते ७ आठवडे चालतो. किरणांनी गाठ मरते, पण शेजारचे चांगले मांसही पोळते. तोंड येते. लाळ आटते. पुढे जबड्याचे आणि गळ्याचे स्नायू ताठ होतात. ओली वादी उन्हात वाळली की कशी कडक होते, तसेच. शेक संपल्यावरही हे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे चालू राहते.

आता गळ्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी वर उचलला गेला ना? त्याच वेळी आत श्वासाच्या वाटेवर झाकण पडते. घास अन्नाच्या वाटेने जातो. स्नायू ताठ झाले की कंठमणी पुरता उचलत नाही. झाकण नीट बसत नाही. मग पाणी श्वासाच्या वाटेत शिरते. कधी तर ठसकाही लागत नाही. पाणी गुपचूप छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो.

बैल सहा महिने दावणीला बांधून ठेवला, तर तो औताला चालेल का? गिळण्याच्या स्नायूंचेही तसेच आहे. म्हणून शेक सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावे, "गिळण्याचे व्यायाम कोण शिकवतं?" मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ते शिकवणारी माणसे असतात. काय गिळणे धोक्याचे नाही, तेही तीच तपासून सांगतात.

व्यायाम साधे आहेत. जोर लावून आवंढा गिळायचा. जिभेचे टोक दातांत हलके धरून आवंढा गिळायचा. पण तेव्हा तोंडात घास नको. तोंड मोठे उघडायचे. आपली तीन बोटे उभी धरून दातांत मावली, तर तोंड ठीक उघडते. मावत नसतील, तर आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला देतात. हळूहळू एकेक काडी वाढवायची. आज किती काड्या मावल्या, ते वहीत लिहा. आता लिहिता येतेच आहे!

पातळ पाणी गळ्यात पटकन घसरते. म्हणून पुष्कळांना दाट पेज सोपी जाते. ताठ बसून, लहान घोट घ्यावा. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. खाल्ल्यावर आवाज घरघरू लागला, ताप आला किंवा वजन उतरू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.