एकही चषक नाही, तरी ‘देव’

सोळा वर्षं एकाच क्लबकडून खेळायचं, २०९ गोल करायचे, आणि निवृत्त होताना कपाटात मोठ्या स्पर्धेचा एकही चषक नसावा. इंग्लंडकडून सामने किती खेळला? आठ. त्यात गोल? शून्य. तरीही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साउदॅम्प्टन शहरात या माणसाला लोक नावानं हाक मारत नसत. ते त्याला ‘ल गॉड’ म्हणत. देव!

त्याचं खरं नाव मॅट ल टिसिए. नाव फ्रेंच वाटतं, कारण तो गर्न्सी बेटावरचा. हे बेट इंग्लिश खाडीत आहे आणि इंग्लंडपेक्षा फ्रान्सला जवळ. १९८६ साली हा सतरा वर्षांचा पोरगा साउदॅम्प्टनकडून मैदानात उतरला आणि २००२ मध्ये तिथूनच निवृत्त झाला.

फुटबॉलचे चाहते चार जण जमले, की एक वाद हमखास रंगतो. जुन्या खेळाडूंत सर्वांत कसबी कोण? वाद तासभर चालला की कुणाच्या लक्षात येतं, की आपण दुसऱ्याच प्रश्नावर भांडतोय. क्लबचा ‘लेजंड’ म्हणायचं कुणाला? दोन्ही प्रश्न एकच वाटतात ना? साउदॅम्प्टनची गोष्ट नीट पाहिली, तर ते एकमेकांपासून किती लांब आहेत ते कळतं.

आधी कसबाकडे जाऊ, कारण डोळे विस्फारतात ते तिथंच. साधी पेनल्टी घ्या. चेंडू गोलपासून ११ मीटरवर. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. ताशी १०० किलोमीटर वेगानं मारलेला चेंडू जेमतेम ०.४ सेकंदात गोलरेषेपाशी पोचतो. चेंडू कुठं निघालाय हे कळायलाच गोलकीपरचा त्यातला निम्मा वेळ जातो. उरलेल्या निम्म्यात त्यानं कोपऱ्यापर्यंत झेप घ्यायची. ते होत नाही! म्हणजे कोपऱ्यातला जोरदार फटका बघून अडवणं कीपरच्या शरीराला जमणारंच नाही. म्हणून तो फटका बसण्याआधीच एक बाजू निवडतो आणि झोकून देतो.

मग इतक्या पेनल्ट्या चुकतात कशा? मारणाऱ्यालाही हे गणित ठाऊक असतं, म्हणून. अगदी कोपरा साधायला गेला तर चेंडू खांबाबाहेर जाण्याची भीती. सुरक्षित म्हणून जरा आत मारला, तर कीपरच्या हाताला लागण्याची भीती. पुन्हा हजारो डोळे आपल्यावर. ल टिसिएनं यावर जो उपाय काढला तो ऐकायला सोपा आहे. बाजू आधी ठरवायची, पण धावत येताना एक नजर कीपरवर ठेवायची. तो लवकर हलला, तर शेवटच्या क्षणी बेत बदलायचा. करून बघा एकदा! धावताय, चेंडूवर पाय नेमका पडायला हवा, आणि डोळे समोरच्या माणसाच्या गुडघ्यांवर.

साउदॅम्प्टनसाठी त्यानं घेतलेल्या ४८ पेनल्ट्यांपैकी ४७ गोलमध्ये गेल्या. हा आकडा किती वेडा आहे? समजा, एखादा चांगला खेळाडू दर पाच पेनल्ट्यांपैकी चार मारतो. त्याला ४८ पेनल्ट्या दिल्या, तर त्यांतली जास्तीत जास्त एकच चुकण्याची शक्यता साधारण साडेतीन हजारांत एक येते. निव्वळ नशिबावर हे घडत नाही. आणि गंमत बघा, ती एक पेनल्टी अडवणारा नॉटिंगहॅम फॉरेस्टचा कीपर मार्क क्रॉस्ली त्या एका झेपेमुळे आजही ओळखला जातो. समोरच्याचं नावसुद्धा इतिहासात जातं, इतकी ही अचूकता दुर्मीळ.

पण पेनल्टी म्हणजे स्थिर चेंडू. हलत्या चेंडूचं काय? ऑक्टोबर १९९३, समोर न्यूकासल. चेंडू हवेतून येतोय आणि किंचित मागे पडतोय. अशा वेळी कुणीही थांबेल, मागे वळेल. हा धावता धावता टाचेनं चेंडू स्वतःच्या पुढे घेतो. पहिला बचावपटू अंगावर येतो, त्याला चेंडूच्या एका हलक्या स्पर्शात बगल. दुसरा येतो, तर चेंडू त्याच्या डोक्यावरून पलीकडे आणि हा स्वतः बाजूनं वळसा घालून पुन्हा चेंडूखाली हजर! आता समोर फक्त कीपर. इथं कुणीही दात-ओठ खाऊन फटका मारला असता. यानं चेंडू अगदी हलकेच कोपऱ्यात सारला.

यात नवल कशाचं? बहुतेक खेळाडू चेंडू ताब्यात घेतात म्हणजे त्याला जमिनीवर आणून शांत करतात. बचावपटूही त्याचीच वाट पाहत असतो. ल टिसिए चेंडूला हवेतच ठेवतो. उडत्या चेंडूवर बचावपटूला पाय घालता येत नाही, डोकं घालावं तर तो फार खाली. चेंडू असा कंबरेच्या उंचीवर, कुणाच्याच हक्काच्या नसलेल्या जागी ठेवायचा आणि ती जागा आपल्या मालकीची करायची, ही त्याची चाल. त्याच सामन्यात त्यानं दुसरा गोलही तसाच हवेतल्या हवेत मारला. काही महिन्यांनी विम्बल्डनविरुद्ध फ्री-किकच्या वेळी सहकाऱ्यानं सरकवलेला चेंडू पायानंच वर उडवला आणि खाली यायच्या आत वरच्या कोपऱ्यात धाडला. फ्री-किक स्थिर चेंडूची असते, ती जणू याला मान्यच नव्हती.

तिकडे स्पेनमध्ये एक मुलगा हे गोल टीव्हीवर पाहत होता. पुढे बार्सिलोनाच्या मधल्या फळीचा मेंदू ठरलेला झावी तो हाच. ल टिसिएच्या गोलांनी आपल्याला वेड लावलं होतं, हे त्यानंच नंतर सांगितलं.

तर कसब हे असं. आता अवघड भाग. कसबामुळंच लेजंड होत असेल, तर केविन कीगनचं काय? १९८० साली तो साउदॅम्प्टनला आला तेव्हा युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब दोनदा जिंकून आला होता. एवढ्याशा क्लबनं एवढा मोठा मासा गळाला लावलेला पाहून सगळं इंग्लंड अवाक झालं. १९८१-८२ च्या हंगामात त्यानं लीगमध्ये सर्वाधिक, २६ गोल केले. आणि आल्यापासून दोनच वर्षांत तो न्यूकासलला निघून गेला. साउदॅम्प्टनमध्ये कीगनबद्दल कौतुक आहे, पण देव म्हणावं अशी माया नाही.

किंवा अ‍ॅलन शिअरर घ्या. साउदॅम्प्टनमध्येच घडलेला. सतराव्या वर्षी आर्सेनलविरुद्ध पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळायला मिळालं, तर तीन गोल! १९९२ मध्ये तो ब्लॅकबर्नला गेला, तिथं १९९५ मध्ये लीग जिंकली. नंतर न्यूकासलला दहा हंगाम खेळला, २०६ गोल केले, एकही करंडक उचलला नाही. आता सांगा, त्याचा पुतळा कुठं उभा आहे? जिथं तो जिंकला तिथं नाही. न्यूकासलच्या स्टेडियमबाहेर! चषकाच्या हिशेबानं हे उलटंच झालं. तो तिथलाच पोरगा, घरी परत आला आणि तिथंच राहिला, हे गाव विसरत नाही.

म्हणजे नुसता मुक्काम पुरे? तेही नाही. खरी गंमत गरजेत आहे, आणि ती १९९३-९४ च्या हंगामात लख्ख दिसते. लीगमध्ये तेव्हा २२ संघ, शेवटचे तीन खालच्या श्रेणीत जाणार. साउदॅम्प्टन बुडत चाललेलं. त्या शरद ऋतूत व्यवस्थापकानं ल टिसिएला काही सामने बाहेरही बसवलं होतं! आळशी आहे, धावत नाही, हा त्याच्यावरचा नेहमीचा आरोप. जानेवारीत नवा व्यवस्थापक आला, अ‍ॅलन बॉल, १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातला. त्यानं बाकीच्या खेळाडूंना सांगितलेलं धोरण अगदी साधं होतं. हा तुमच्यातला सर्वोत्तम आहे, चेंडू याला द्या.

मग काय झालं? एप्रिलमध्ये नॉर्विचच्या मैदानावर साउदॅम्प्टन ५-४ नं जिंकलं, त्यात ल टिसिएचे तीन गोल. शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमशी ३-३ बरोबरी, त्यात त्याचे दोन. हंगामात संघाचे लीगमधले एकूण गोल ४९, त्यांतले २५ एकट्याचे. निम्म्याहून जास्त! साउदॅम्प्टनचे गुण झाले ४३. खाली गेलेल्या शेफील्ड युनायटेडचे ४२. एका गुणानं संघ तरला. हातावर पोट असलेल्या घरात एका दिवसाच्या मजुरीला जी किंमत असते, ती किंमत या क्लबमध्ये एका गोलला होती. मँचेस्टर युनायटेडमध्ये हेच गोल त्याने केले असते, तर आणखी एक करंडक आला असता, बस. इथं त्याच गोलांवर क्लबचं पहिल्या श्रेणीतलं स्थान टिकून होतं. आणि मोठे क्लब त्याच्या मागे लागले नव्हते असंही नाही. टॉटनहॅम आणि चेल्सी दोघांनीही हात पुढं केला होता. हा गेला नाही.

‘धावत नाही’ या आरोपाबद्दल माझं मत सांगून टाकतो. तो कमी धावत असे, हे खरंच. पण चेंडू येण्याआधी कुठं उभं राहायचं हे ज्याला कळतं, त्यानं उगाच कशाला धावावं? इंग्लिश फुटबॉलनं घामाला नेहमीच बुद्धीपेक्षा जास्त गुण दिले. १९९८ च्या विश्वचषकाआधी इंग्लंडच्या ‘ब’ संघाकडून त्यानं रशियाविरुद्ध तीन गोल केले, तरी त्याला संघात घेतलं नाही. हे मला आजही पटत नाही.

आता आणखी एक कोडं. साउदॅम्प्टनच्या चाहत्यांना लेजंडांची नावं विचारा, त्यात फ्रान्सिस बेनाली येतोच. हा डाव्या बाजूचा बचावपटू, साउदॅम्प्टन शहरातच जन्मलेला. लीगचे तीनशेहून अधिक सामने खेळला आणि त्यात गोल केला एक. फक्त एक! डिसेंबर १९९७, समोर लेस्टर, हेडर. आणि तो चेंडू फ्री-किकवरून त्याच्या डोक्यावर आणून कुणी टाकला? ल टिसिएनं. त्या एका गोलचा आनंद शहर अजून साजरा करतं. २०१४ मध्ये बेनाली कर्करोग संशोधनासाठी निधी उभारायला प्रीमियर लीगच्या वीसही स्टेडियमपर्यंत पायी धावत गेला. कसबाच्या तराजूत ल टिसिए आणि बेनाली एका पारड्यात बसणं शक्य नाही. प्रेमाच्या तराजूत चाहते त्यांना शेजारी शेजारी बसवतात.

(याच्या अगदी उलट टोकाला अली दिया. १९९६ मध्ये साउदॅम्प्टनच्या व्यवस्थापकाला प्रख्यात फुटबॉलपटू जॉर्ज वेया बोलतोय असं सांगणारा फोन आला आणि त्याच्या शिफारशीवर या गड्याला संघात जागा मिळाली. फोन वेयाचा नव्हताच. लीड्सविरुद्ध ल टिसिए जखमी झाला, बदली म्हणून हा उतरला आणि ५३ मिनिटांनी त्यालाच पुन्हा बाहेर काढावं लागलं. देवाच्या जागी कोण आलं, तर हा! त्याचंही नाव कुणी विसरलेलं नाही, म्हणजे नुसतं लक्षात राहणंही पुरेसं नसतं.)

उलट, कधी एक फटकाही पुरतो. १९७६ चा एफए कप अंतिम सामना. साउदॅम्प्टन तेव्हा दुसऱ्या श्रेणीत, समोर मँचेस्टर युनायटेड. ८३ व्या मिनिटाला बॉबी स्टोक्सनं डाव्या पायानं चेंडू गोलमध्ये सारला आणि सामना १-० असा जिंकला. क्लबच्या इतिहासातला तो एकमेव मोठा करंडक. वर्षानुवर्षं राबणं एकीकडे आणि ते एक मिनिट एकीकडे, आणि दोन्हींना एकच बिरुद! म्हणूनच हा वाद संपत नाही. लेजंड ठरवायची मोजपट्टी खेळाडूकडे नसते, ती गावाच्या गरजेकडे असते, आणि गरज दर पिढीला बदलते. १९७६ मध्ये गावाला एकदा तरी जिंकायचं होतं. १९९४ मध्ये गावाला बुडायचं नव्हतं.

आणि एकदा दिलेलं बिरुद परत घेता येतं का? ल टिसिएच्या बाबतीत हा प्रश्नही उठला. समाजमाध्यमांवरच्या त्याच्या एका पोस्टवरून वाद पेटला, आणि २०२२ मध्ये त्यानं क्लबचं सदिच्छादूतपद सोडलं. त्याची मतं न पटणारे चाहते आजही आहेत. पण न्यूकासलविरुद्धचा गोल पाहताना ‘हा गोल नाही’ असं कुणी म्हणू शकत नाही. माणूस आणि त्याचा खेळ यांच्यात रेघ मारणं चाहत्यांना अवघड जातं, आणि ते जाऊ द्यावं.

साउदॅम्प्टनचं जुनं मैदान होतं द डेल. जेमतेम पंधरा हजार माणसांचं, गल्लीबोळांत चेंगरलेलं, प्रेक्षक खेळाडूंच्या अंगावर आल्यासारखं. १८९८ पासूनच्या या मैदानावरचा लीगचा शेवटचा सामना १९ मे २००१ ला झाला, समोर आर्सेनल. ल टिसिएला दुखापतींनी बेजार केलं होतं, वय ३२, तो राखीव खेळाडूंच्या बाकावर. २-२ बरोबरी असताना तो बदली म्हणून उतरला. ८९ व्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला, त्यानं वळून डाव्या पायानं मारला, वरच्या कोपऱ्यात. ३-२. तो त्या मैदानावरचा लीगमधला शेवटचा गोल, आणि ल टिसिएचाही लीगमधला शेवटचा गोल. एवढी जुळणी कुणी कादंबरीत लिहिली असती, तर संपादकानं खोडली असती.

द डेल पुढे पाडलं गेलं आणि तिथं घरं बांधली. तिथल्या इमारतींना क्लबच्या माणसांची नावं आहेत. एक बेट्स, १९३७ पासून सहा दशकं खेळाडू, व्यवस्थापक, संचालक अशा नात्यांनी क्लबशी बांधलेले टेड बेट्स. एक चॅनन, क्लबसाठी सर्वाधिक २२८ गोल करणारा मिक चॅनन. एक वॉलेस, १९८८ मध्ये या आडनावाचे तीन सख्खे भाऊ एकाच संघातून एकत्र खेळले होते. एक स्टोक्स, १९७६ च्या त्या एका फटक्याचा. आणि एक ल टिसिए.