शब्दाची जागा चुकली की तक्रारीचा अर्थ उलटतो

'बीइंग अ मेंबर ऑफ अ शेड्युल्ड कास्ट, द अक्यूज्ड अब्यूज्ड मी.'

हे वाक्य सावकाश वाचा. लिहिणाऱ्याला सांगायचे आहे की मी अनुसूचित जातीचा आहे आणि आरोपीने मला शिवीगाळ केली. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ होतो, आरोपी स्वतः अनुसूचित जातीचा असून त्याने मला शिवीगाळ केली. स्पेलिंग बरोबर आहे, काळ बरोबर आहे, तरी तक्रारीचा पायाच सरकला. कारण ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३ लागू होते ते अनुसूचित जाती-जमातीचा सदस्य नसलेल्या माणसाला. आपणच आपल्या हाताने आरोपीला कायद्याबाहेर काढून ठेवले.

इंग्रजी व्याकरणात या चुकीला 'मिसप्लेस्ड मॉडिफायर' म्हणतात. मॉडिफायर म्हणजे दुसऱ्या शब्दाबद्दल जास्तीची माहिती देणारा शब्द किंवा शब्दसमूह. कोण, कसा, कुठे, केव्हा, किती हे तो सांगतो. तो चुकीच्या जागी बसला की माहिती चुकीच्या माणसाला चिकटते. वरवर हा शाळेतल्या व्याकरणाचा विषय वाटेल. पण तक्रारी, निवेदने आणि शिष्यवृत्तीचे अर्ज लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी तो हक्काचा विषय आहे.

(या लेखातली इंग्रजी वाक्ये नागरी लिपीत दिली आहेत. सराव करताना ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या.)

आत्ताच का?

पोलीस ठाण्यात फिर्याद मराठीत देता येते आणि ती मराठीतच द्यावी. माहिती अधिकाराचा अर्जही मराठीत चालतो. जिथे मराठी चालते तिथे इंग्रजीचा हट्ट धरू नये. पण संविधानाच्या कलम ३४८ नुसार, संसदेने कायद्याने वेगळी तरतूद करेपर्यंत, सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतली प्रकरणे आता इथे येतात. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात जामीन मिळाला किंवा नाकारला गेला, तर कलम १४-अ नुसार त्यावरचे अपील उच्च न्यायालयात होते. कलम १५-अ नुसार तिथे पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे.

म्हणजे वस्तीतल्या नळावर मराठीत घडलेली घटना आता जवळच्याच कोर्टात इंग्रजीत वाचली जाणार. वकील असतातच. पण घटनेचा पहिला इंग्रजी मसुदा, भाषांतर किंवा टिपण बऱ्याचदा एखादा शिकलेला कार्यकर्ता करून देतो. तिथे ही चूक शिरते.

एक गोष्ट स्पष्ट ठेवू. न्यायालय एका वाक्याच्या व्याकरणावर खटला ठरवत नाही. सगळी कागदपत्रे आणि साक्षी एकत्र वाचल्या जातात. तरीही गोंधळलेले वाक्य समोरच्या वकिलाच्या हाती आयते पडते. 'तुमच्याच कागदात असे लिहिले आहे' हे ऐकून घेण्याची वेळ फिर्यादीवर का यावी?

चूक येते कुठून?

ती आपल्या मराठीतून येते. मराठीत शब्दांना प्रत्यय असतात. 'शेजाऱ्याने मला मारले', 'मला शेजाऱ्याने मारले', 'मारले मला शेजाऱ्याने'. शब्द कसेही फिरवा, मारणारा शेजारीच राहतो. 'ने' आणि 'ला' आपापल्या शब्दाला धरून असतात. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय जवळजवळ नाहीत. तिथे कोणी कोणाला काय केले हे जागेवरून ठरते. मराठीतली मोकळीक इंग्रजीत नेली की अर्थ निसटतो.

दुसरे कारण 'ताना'. 'पाणी भरताना त्याने मला शिवी दिली.' पाणी कोण भरत होते? मराठी ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. हेच शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत केले की होते, 'व्हाइल फिलिंग वॉटर, ही अब्यूज्ड मी.' आता पाणी भरणारा तो झाला. इंग्रजीचा नियम असा की सुरुवातीला असा कर्ता नसलेला तुकडा आला, तर स्वल्पविरामानंतर येणारा कर्ताच त्या तुकड्याचा मालक ठरतो. मोबाइलवर भाषांतर करणाऱ्यांनी तर इथे जास्तच सावध राहावे. पाणी कोण भरत होते हे यंत्राला ठाऊक नसते.

दुरुस्ती सोपी आहे. मालकाला वाक्यात आणून बसवा. 'व्हाइल आय वॉज फिलिंग वॉटर, ही अब्यूज्ड मी.' मराठीतही 'मी पाणी भरत असताना' असेच लिहायची सवय लावा, म्हणजे भाषांतरात घोळ होणार नाही.

पहिले वाक्यही असेच सुधारते. त्याची दोन वाक्ये करा. 'आय बिलाँग टू अ शेड्युल्ड कास्ट. द अक्यूज्ड, हू इज नॉट अ मेंबर ऑफ अ शेड्युल्ड कास्ट ऑर अ शेड्युल्ड ट्राइब, अब्यूज्ड मी बाय कास्ट नेम.' आता कोण कोणत्या समाजाचा, यात शंका उरत नाही.

कोणासमोर घडले?

२०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) मध्ये 'इन एनी प्लेस विदिन पब्लिक व्ह्यू' असे शब्द आहेत. जुन्या कलमातही ते होते. 'विदिन पब्लिक व्ह्यू' हा मॉडिफायर 'प्लेस' या शब्दाला लागून आहे. म्हणजे जागा लोकांच्या नजरेच्या टप्प्यात हवी. ती सार्वजनिक मालकीची असलीच पाहिजे असे नाही. स्वर्णसिंग खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक दाखवला. 'सार्वजनिक जागा' आणि 'लोकांना दिसेल अशी जागा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घराचे फाटक खासगी असले तरी रस्त्यावरून दिसते. उलट, हितेश वर्मा खटल्यात २०२० साली घटना घराच्या चार भिंतींआड आणि बाहेरचे कोणी हजर नसताना घडल्याचे दिसल्यावर या कलमाखालचा आरोप टिकला नाही.

म्हणून 'शेजाऱ्यांसमोर' हा तुकडा वाक्यात कुठे बसतो याला महत्त्व आहे. हे वाक्य पाहा : 'ही अब्यूज्ड मी बाय कास्ट नेम व्हेन आय वॉज टॉकिंग टू माय सिस्टर इन फ्रंट ऑफ द नेबर्स.' इथे शेजाऱ्यांसमोर काय झाले? बहिणीशी बोलणे. शिवीगाळ त्यांच्यासमोर झाली हे वाक्य ठामपणे सांगतच नाही. दुरुस्ती अशी : 'आय वॉज टॉकिंग टू माय सिस्टर ॲट द पब्लिक टॅप. देअर, इन फ्रंट ऑफ द नेबर्स, ही अब्यूज्ड मी बाय कास्ट नेम.' जागा आणि साक्षीदार दोन्ही शिवीगाळीच्या क्रियापदाजवळ आले.

'ओन्ली' म्हणजे आपला 'च'

मराठीतला 'च' ज्या शब्दावर जोर द्यायचा त्यालाच चिकटतो. 'मीच दाखला दिला', 'मी दाखलाच दिला', 'मी दाखला दिलाच'. इंग्रजीतल्या 'ओन्ली'ला चिकटता येत नाही, शेजारी बसावे लागते.

'ओन्ली आय सबमिटेड द सर्टिफिकेट.' फक्त मी दिला, इतरांनी नाही.

'आय सबमिटेड ओन्ली द सर्टिफिकेट.' मी फक्त दाखला दिला, बाकी कागद दिले नाहीत.

'आय सबमिटेड द सर्टिफिकेट ओन्ली ऑन मंडे.' दाखला दिला तो सोमवारी, त्याआधी नाही.

बोलताना आवाजाच्या चढउतारावरून अर्थ कळतो, कागदाला आवाज नसतो. शिष्यवृत्तीच्या अर्जात तिसरा अर्थ सांगायचा असताना दुसरे वाक्य लिहिले गेले, तर अर्धे कागद दिले नसल्याची कबुली आपणच दिली असे होते.

या छोट्या शब्दाचे वजन संविधानातही दिसते. कलम १५ भेदभावाला मनाई करते ती धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी 'केवळ' कोणत्याही कारणावरून. इंग्रजीत तिथे 'ऑन ग्राउंड्स ओन्ली ऑफ' असे शब्द आहेत. १९८१ साली एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या 'ओन्ली'वर बोट ठेवून म्हटले की मनाई आहे ती केवळ लिंगावरून केलेल्या भेदभावाला, लिंगासोबत इतर बाबी असतील तर नाही. २०१८ साली कलम ३७७ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी या अरुंद वाचनावर टीका केली. एका शब्दाच्या जागेवरून आणि अर्थावरून वाद इतकी वर्षे चालू शकतो.

याउलट कलम १७ पाहा. अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगून ते तिचे आचरण 'इन एनी फॉर्म' निषिद्ध ठरवते. हे तीन शब्द 'प्रॅक्टिस'ला लागून आहेत, 'फॉरबिडन'च्या मागे लोंबकळत नाहीत. आचरण कोणत्याही रूपातले असो, मना आहे. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. मसुदा लिहिणे म्हणजे भारी शब्द वापरणे नव्हे, प्रत्येक शब्दाला त्याची जागा देणे.

शिष्यवृत्तीच्या निबंधातली चूक

परदेशातल्या विद्यापीठासाठी 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' लिहावे लागते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा लाभ घेऊ पाहणाऱ्या मुलांनाही आधी तिकडचा प्रवेश मिळवावा लागतो. तिथे अशी वाक्ये येतात :

'बॉर्न इन अ लँडलेस फॅमिली, एज्युकेशन वॉज माय ओन्ली होप.' भूमिहीन कुटुंबात जन्मले कोण? या वाक्यानुसार शिक्षण. ज्याच्याबद्दल माहिती द्यायची तो माणूस वाक्यात कर्ता म्हणून नाहीच. इंग्रजीत याला 'डँगलिंग', म्हणजे लोंबकळणारा मॉडिफायर म्हणतात.

दुरुस्ती : 'बॉर्न इन अ लँडलेस फॅमिली, आय सॉ एज्युकेशन ॲज माय ओन्ली होप.' किंवा त्याहून साधे : 'आय वॉज बॉर्न इन अ लँडलेस फॅमिली. एज्युकेशन वॉज माय ओन्ली होप.'

'हॅविंग कम्प्लीटेड माय डिग्री फ्रॉम शिवाजी युनिव्हर्सिटी, माय गोल इज टू स्टडी लेबर.' इथे पदवी ध्येयाने पूर्ण केली. 'माय गोल इज' काढून 'आय वाँट' लिहा, काम झाले.

आपल्या मुलांच्या निबंधात खरा संघर्ष असतो. तो वाचणाऱ्याला अडखळायला लावू नका.

दोन्हीकडे पाहणारा शब्द

'द ऑफिसर हू व्हिजिटेड अवर बस्ती रिसेंटली रिफ्यूज्ड टू मीट अस.' अधिकारी नुकताच वस्तीत आला होता, की त्याने नुकताच भेटायला नकार दिला? 'रिसेंटली' दोन क्रियांच्या मध्ये उभा राहून दोघांकडे पाहतो. इथे उत्तम उपाय म्हणजे तो शब्दच काढून तारीख लिहिणे. निवेदनात 'नुकतेच', 'काही दिवसांपूर्वी' यांपेक्षा तारीख कधीही बरी.

कागद देण्याआधीची तपासणी

एक. वाक्य 'बीइंग', 'हॅविंग', 'व्हाइल', 'आफ्टर' अशा शब्दाने सुरू झाले असेल, तर विचारा : हे करणारा कोण? उत्तर स्वल्पविरामानंतर लगेच आले पाहिजे.

दोन. 'ओन्ली', 'ईव्हन', 'ऑलमोस्ट' यांच्याखाली रेघ मारा. मराठीत 'च', 'सुद्धा', 'जवळजवळ' कुठे लावले असते? त्याच शब्दाच्या आधी यांना बसवा.

तीन. 'हू' आणि 'विच' यांच्या अगदी आधीचा शब्द पाहा. माहिती त्याचीच आहे ना?

चार. जागा, वेळ आणि साक्षीदार मुख्य घटनेच्या क्रियापदाजवळ ठेवा.

पाच. वाक्य गुंतले तर तोडा. एका वाक्यात एकच घटना. छोटे वाक्य लिहिणे हे कच्च्या इंग्रजीचे लक्षण नाही.

सहा. ज्याला घटना माहीत नाही अशा मित्राला इंग्रजी मसुदा द्या आणि काय घडले ते मराठीत सांगायला लावा. तो चुकला, तर दोष त्याच्या इंग्रजीचा आहे असे आधीच धरू नका. वाक्य पुन्हा पाहा.

मूळ मराठी फिर्यादीलाही हेच लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत मोफत मिळते. सही करण्याआधी 'कोण', 'कोणासमोर', 'केव्हा' या तीन ठिकाणी थांबून ऐका. मराठीत जे संदिग्ध राहिले, ते इंग्रजीत चुकीचे होण्याची भीती जास्त.

हे शिकायला महागडा क्लास नको. विहारात रविवारी अभ्यासवर्ग होतो, तिथे अर्धा तास पुरे. नावे झाकून एक जुने निवेदन घ्या, फळ्यावर एकेक वाक्य लिहा आणि विचारा, ही माहिती नेमकी कोणाची? दहावीच्या मुलांपासून वकिलीच्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळे त्यात बसू शकतात. अन्याय सहन करणाऱ्याने सांगितलेली गोष्ट कागदावर जशीच्या तशी उतरली पाहिजे, आणि ती उतरवण्याची जबाबदारी आपल्यातल्या लिहिणाऱ्यांची आहे.

जय भीम!