गुल्फभग्न : प्लास्टर निघाल्यानंतर

घोट्याचे हाड मोडलेला रुग्ण प्लास्टर निघाल्यावर आपल्याकडे येतो, तो बहुधा तेल आणि लाक्षादि गुग्गुळ मागण्यासाठी. औषध द्यावेच; परंतु त्याच्या मनात खरी भीती असते ती पाऊल टेकण्याची, आणि तिच्याविषयी आपण वैद्य फारसे बोलत नाही, असे आम्हांस वाटते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात संधी स्थिर होण्यास प्रथम वयात 1, मध्यम वयात 2 व उत्तर वयात 3 महिने सांगितले आहेत. तेथेच तळहाताच्या भग्नानंतर आधी मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि बळ आल्यावर दगड धरावयास सांगितला आहे. भार क्रमाने वाढवावा, हे याहून सोपे करून कोणी सांगावे? पायालाही तेच लागू पडते. शल्यचिकित्सकाने भार देण्यास अनुमती दिल्यावर कुबड्यांच्या आधाराने थोडा भार, पुढे काठी. तीही निरोगी बाजूच्या हातात. (पुष्कळ जण ती नेमकी दुखऱ्या बाजूस धरतात.) जिना चढताना निरोगी पाय आधी, उतरताना दुखरा.

गुल्फ हे रुजाकर मर्म, वेदना रेंगाळणारच. सायंकाळची सूज पाय उंच ठेवल्यावर बहुधा ओसरते. मात्र एकाच पोटरीत वेदना, उष्णता व वाढती सूज असेल, तर अभ्यंग करू नये. शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. ती फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. पोटरी दुखते का, हा प्रश्न तेलाची बाटली हाती देण्यापूर्वी औषधालयातही विचारला जावा.